साडेपाचची झडती

तुमचे वडील रोज संध्याकाळी साडेपाच वाजता बंद दारासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि "घ्या झडती" म्हणाले, तर तुम्ही घ्याल का?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच दिलेली सगळी उत्तरं मी ऐकून बसलो आहे. "प्रेमानं समजवा." "लक्ष दुसरीकडे वळवा." "जुनी गाणी लावा, गाण्यांनी फार फरक पडतो म्हणतात." "त्यात काय एवढं, थोडं नाटक करायचं." ही उत्तरं देणाऱ्यांपैकी एकही जण साडेपाचला त्या दाराशी आलेला नाही. मी आलो आहे. आणि खरं सांगायचं तर पहिले तीन आठवडे मीही "नाही, मी घेणार नाही" एवढंच म्हणत होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात वाइंडिंगला होते. विजेच्या मोटारींच्या आत तांब्याची तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. तांबं महाग, म्हणून तांब्याजवळ काम करणारा प्रत्येक माणूस चोर, असं तिथल्या व्यवस्थापनानं आधीच ठरवून टाकलेलं. त्यामुळे शिफ्ट सुटली की गेटवर रांग. हात वर कर. काखा, कंबर, खिसे. डबा उघडून दाखव. बूट काढ. पावसात, उन्हात, तापात, सणाच्या दिवशी. साहेबांच्या गाड्या मात्र काचा वर करून त्याच गेटातून निघून जायच्या. त्या गाड्यांच्या डिकीत तांबं मावत नाही, असा व्यवस्थापनाचा समज असावा.

अण्णांनी याविरुद्ध पत्रक काढलं. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात या पत्रकांवरच वाढलो. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, आईनं फडताळात तीच अंथरली, आणि पहिलीच्या पुस्तकाआधी मी "कामगार बंधूंनो" हे दोन शब्द वाचायला शिकलो. झडतीविरुद्धचं ते पत्रक तर मला तोंडपाठ होतं. "आम्ही कामगार आहोत, चोर नाही. दिवसभर ज्या हातांनी तुमची मोटार फिरती केली, तेच हात संध्याकाळी वर करायला लावता?" घरी पाहुणे आले की मला स्टुलावर उभं करून हे म्हणायला लावायचे. बाकीची मुलं कविता म्हणायची.

आता पुढचं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी अण्णा रस्ते विसरू लागले. त्रिमूर्ती चौकातून घरी यायचा रस्ता, जो त्यांनी अर्धं आयुष्य सायकलवर कापला, तो. मग माणसं विसरू लागले. मग जेवले की नाही ते. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. आमच्या नातेवाइकांनी हा शब्द ऐकला आणि प्रत्येकानं आपापल्या सोयीचा अर्थ काढला. कळवणहून आत्या आली, भावाशेजारी दोन तास बसली, त्यांनी तिला बरोबर ओळखलं, आणि जाताना दारात आईला अहिराणीत म्हणाली, "त्याले काही व्हयेल नही शे. तुम्हीच त्याले येडं करेल शे." दोन तास! त्या दोन तासांनंतरचे बावीस तास आत्यानं कधी पाहिले नाहीत. ते आईनं पाहिले.

आईबद्दल आमच्या घरात पत्रक कधी निघालं नाही. निघायला हवं होतं. अण्णांना आंघोळीला धरून धरून तिचा उजवा खांदा गेला. केस विंचरताना हात डोक्यापर्यंत जात नाही. अण्णा दिवसा झोपायचे नाहीत आणि तिला डोळा लागू द्यायचे नाहीत. ती स्वयंपाकाला उठली की मागे, कपडे वाळत घालायला गेली की मागे, संडासला गेली की बाहेरून दार वाजवत, "अहो, आहात ना?" आयुष्यभर तिला "अगं" म्हणणारा माणूस आता "अहो" म्हणायचा, कारण ती कोण हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं. मी सकाळी अण्णांना चालवून आणायचो, औषधं द्यायचो आणि दुपारी शिकवणीच्या क्लासवर निघून जायचो. तेवढ्यावर मला वाटायचं की मी खूप करतोय.

मग केंद्र सापडलं. सिडकोतल्याच एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी अडीच ते साडेपाच. चालवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या सासूबाईंना हाच आजार होता. सासूबाई गेल्यावर, आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्यांना तरी मिळावं म्हणून त्यांनी चार मैत्रिणींना घेऊन हे सुरू केलं. सगळे त्यांना ताई म्हणतात. तिथे विस्मरण झालेली बारा-पंधरा माणसं येतात. वाटाणे सोलतात, पत्ते लावतात, वर्तमानपत्र उलटं धरून वाचतात, आणि कोणी ते सुलटं करून देत नाही, कारण ताईंचा तसा नियम आहे. विचारलं तरच करायचं. अण्णांना त्यांनी पहिल्याच दिवशी लोकरीचा गुंडा आणि पुठ्ठ्याचा तुकडा दिला. अण्णांनी तीन तास लोकर पुठ्ठ्यावर गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटून, एकही वर चढलेला नाही. ताई म्हणाल्या, "बघा, कारागीर आलाय आपल्याकडे." अण्णा म्हणाले, "लूज नको. लूज राहिलं की जळतं."

आणि त्या तीन तासांत आई काय करायची? झोपायची. घरी येऊन आतून कडी लावून, जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची. मला याचाही राग यायचा. मी तिला म्हणालो, "आई, आठवड्यात तीन दुपारी मिळाल्यात तुला. काहीतरी कर. वाचनालय लाव. काही शीक."

"शिकतेय ना," ती म्हणाली. "झोपायला शिकतेय. विसरले होते."

या तीन दुपारच्या झोपांवर आमचं घर उभं होतं. पुढचं सगळं या झोपांबद्दल आहे, हे लक्षात ठेवा. मी त्या वेळी ठेवलं नाही.

घोटाळा झाला तो दारामुळे. हॉलचं दार सरळ रस्त्यावर उघडायचं. एक दिवस एक आजोबा उठून निघून गेले आणि पार अंबडच्या रस्त्यावर सापडले. सगळे हादरले. वर्गणी काढून ताईंनी दाराला लोखंडी सरकतं जाळीचं गेट बसवून घेतलं. हिरवा रंग, खडखड आवाज, कुलूप. माणसं सुरक्षित राहावीत म्हणून.

पहिल्याच दिवशी साडेपाचला ते गेट खडखड करत अर्धं उघडलं आणि अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पाय फाकवले. हात वर केले. हातात आईनं दिलेल्या खाऊचा डबा होता, तोही वर.

मी बाहेर त्यांना न्यायला आलो होतो. मला दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं आणि मी पुढे झालो.

"अण्णा, चला घरी."

"झडती?"

"झडती नाही इथं. चला."

"अशी नाय सोडत," ते मला समजावत म्हणाले, जणू नवीन लागलेला पोरगा मी होतो. "उगा उद्या मेमो देतील."

त्यांच्या मागे सगळे खोळंबले. अर्धंच उघडलेलं गेट, त्यात हा उंच माणूस हात वर करून. एक आजी रडू लागल्या, त्यांना वाटलं पोलीस आलेत. दुसऱ्या एकांनी मागून ढकलायला सुरुवात केली. ताई पुढे आल्या. शाळा चालवलेली बाई, पटकन सुचलं त्यांना. "हां, या काका, मी घेते झडती." त्यांनी हात पुढे केला मात्र, अण्णा एकदम मागे सरकले. खरोखर लाजले.

"ओ ताई, तुम्ही लेडीज. जेंट्सची झडती जेंट्सनं घ्यायची. नियम हाय."

केंद्रातल्या सगळ्या कार्यकर्त्या बाया. एकूण एक. सुना, मुली, बायका, निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका. अख्ख्या हॉलमध्ये ज्याला स्मृतिभ्रंश नाही असा एकच पुरुष होता, आणि तो मी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "घ्या ना हो. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि मी तिथे, त्या गेटात, भाषण दिलं.

ते भाषण आता आठवलं की अंग चोरावंसं वाटतं, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी म्हणालो, या माणसानं या गोष्टीविरुद्ध आयुष्य घालवलं. सह्या गोळा केल्या, निलंबन सोसलं, गेटसभा घेतल्या. आणि आज त्याचं डोकं चालत नाही म्हणून त्याचाच मुलगा त्याला चाचपणार? त्याची आठवण गेली म्हणून त्याचा मान पण जाणार? तुम्ही त्याला माणूस म्हणून वागवता असं सांगता, मग हे काय?

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मागे आजी रडतच होत्या. "झालं?" ताई म्हणाल्या. "आता त्यांचे हात दुखायला लागले असतील. खाली घ्यायला सांगा, नाहीतर झडती घ्या. तुम्ही मला पाठवाल ते निवेदन मी फाइलला लावीन."

त्या दिवशी आम्ही मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं अण्णांना बाहेर काढलं. पाऊण तास लागला. ते सारखे मागे वळून बघत होते आणि म्हणत होते, "इकडून नाय जायचं रे. इकडून चोर जातात." दुसऱ्या आठवड्यात ते मागच्या दारापाशी यायलाच तयार होईनात, पाऊण-पाऊण तास विनवण्या करून काढावं लागे. तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की त्यांना मुद्दा पटवून द्यायचा.

हसू नका. माझ्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला हेच सुचतं. आईच्या पेटीतून मी ते जुनं पत्रक शोधून काढलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. पाच वाजता अण्णांच्या शेजारी बसून मी ते त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांच्याच शब्दांत त्यांना सांगितलं, की झडती हा अपमान आहे आणि कामगारानं तो सहन करू नये. अण्णांनी लोकर गुंडाळायची थांबवली. लक्ष देऊन ऐकलं. मधे मधे मान हलवली. मला वाटलं, जमलं. शब्द अजून आत कुठेतरी आहेत.

"बरं लिव्हलंय," ते म्हणाले. "कोणी?"

"तुम्ही, अण्णा."

"छ्या." मग माझ्याकडे वाकून हळूच, "तू लिव्हलं असशील तर सांभाळून बाबा. असं लिव्हलं की माणूस गेटातनंच परत पाठवतात. घरी लहान पोरगं असंल तर विचार कर."

साडेपाचला ते उठले आणि हात वर करून गेटासमोर उभे राहिले.

त्याच दिवशी मागून ढकलाढकलीत एक आजी खुर्चीवर आपटल्या. मनगट सुजलं. मोडलं नाही, पण त्यांची सून दुसऱ्या दिवशी येऊन ताईंना नको नको ते बोलली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ताईंनी मला बाजूला घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

"गेट मी काढू शकत नाही. गेल्या वेळी एक माणूस हरवला होता. तुमच्या वडिलांना मी बाहेर काढू शकत नाही, कारण ते मला झडती घेऊ देत नाहीत. तुम्ही काढू शकता, तर तुम्ही काढत नाही. शुक्रवारपर्यंत ठरवा. नाहीतर काकांना पुढच्या आठवड्यापासून आणू नका. मला वाईट वाटेल. पण मला चौदा घरं बघायचीत."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. रागातच सांगितलं. संस्था अशाच असतात, दयाळूपणा करतात पण माणसाचा मान कळत नाही, फुकट काही देत असलं की समोरच्यानं प्रश्न विचारू नये असं यांना वाटतं, वगैरे. आई पालकाची जुडी निवडत होती. अण्णा तिच्याच पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

"मग शुक्रवारनंतर बंद?" तिनं विचारलं.

"अगं, बंद म्हणजे, मी दुसरं काहीतरी शोधेन. नाशिक रोडला एक आहे म्हणतात."

"नाशिक रोडला यांना रिक्षात बसवून मी नेऊ, एका खांद्यानं?"

"आई, तू असं काय बोलतेस? तुला त्या झडतीचं काहीच वाटत नाही? तूच तर मोर्चाच्या दिवशी पन्नास माणसांच्या पोळ्या लाटल्यास."

तिनं जुडी खाली ठेवली. "लाटल्या. मला राग होताच त्या झडतीचा. रोज अर्धा तास रांगेत जायचा, आणि इकडे मी जेवण झाकून बसलेली. तुला अपमान दिसतो. मला तो अर्धा तास दिसायचा." मग म्हणाली, "हे बघ. त्यांना तिथं अडकवून कोणी ठेवलंय? तू ठेवलंयस. झडती झाली की घरी जायचं, एवढंच त्यांना माहीतेय. ती झाल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नाही. आणि त्यांचा संपला नाही की माझा संपत नाही. तत्त्व तुझं, खांदा माझा. चांगलं वाटून घेतलंय आपण."

बोलण्यासारखं खूप होतं. एकही वाक्य तिच्या खांद्याला पुरेसं नव्हतं.

शुक्रवारी सव्वापाचला मी गेलो. ताईंना म्हणालो, "गेट पूर्ण बंद करा. मी बाहेरून उघडतो." त्यांनी "बरं" म्हटलं, एवढंच. मी माझी सॅक त्यांच्याजवळ दिली, शर्ट खोचला. का खोचला माहीत नाही. साडेपाचला गेट खडखडवलं.

अण्णा आले. पाय फाकवले, हात वर. माझ्याकडे पाहिलं. "नवीन दिसतोस."

"हो."

"गाव?"

"सिडको."

"मग आपल्यातलाच. चल, उरक. बायको वाट बघतीय."

मी त्यांच्या काखांना हात लावला. माझ्या आठवणीत वडिलांना मी असा हात कधी लावला नव्हता. बरगड्या हाताला लागल्या. कंबर किती बारीक झाली होती. लवकर संपावं म्हणून मी एक हात सरळ त्यांच्या पँटच्या खिशात घातला.

माझं मनगट त्यांनी एवढ्या जोरात धरलं की मी कळवळलो. वाइंडिंगवाल्याची पकड आहे ती, अजून आहे. वर केलेले हात खाली आले होते. मान ताठ. आवाज तोच, गेटसभेतला, जो मी दोन वर्षं ऐकला नव्हता.

"ए. हात बाहेर. खिसा बाहेरनं चाचपायचा. आत हात घालायचा नाय. ठरलंय आपलं. साहेबानं सही केलीय."

त्या पत्रकाच्या शेवटी मागण्या होत्या. पहिली मागणी, झडती बंद करा. ती कधीच मान्य झाली नाही, म्हणून मी लहानपणापासून तो लढा हरलेला समजत आलो. दुसरी, झडती रस्त्यावर नको, आडोशाला घ्या. तिसरी, कामगाराच्या खिशात हात घालू नका. आठव्या वर्षी स्टुलावर उभं राहून मी पहिली मागणी ओरडून म्हणायचो, आणि तिसरीपर्यंत येईस्तोवर पाहुण्यांचा चहा आलेला असायचा. ती तिसरी त्यांनी मिळवली होती. मला घरात राहून ते माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, तो माझं मनगट धरून उभा होता.

"चुकलं," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी चुकतं," अण्णा म्हणाले आणि पुन्हा हात वर केले. मी खिसे बाहेरून चाचपले. डबा उघडून बघितला. त्यात अर्धी करंजी होती. "घे," ते म्हणाले, "ती वॉचमनचीच असती." बूट काढायला वाकले, तर मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी संशयानं पाहिलं, पण मग खूश झाले. "बूट सोडले आज. बरंय." आणि ते गेटातून बाहेर पडले, सरळ रिक्षाकडे. मागून सगळे एकेक करून निघाले. मनगट सुजलेल्या आजी माझ्यापाशी येऊन थांबल्या आणि त्यांनीही हात वर केले. ताईंनी त्यांची झडती घेतली.

घरी पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. आई अजून झोपलेली होती. तीन वेळा कडी वाजवावी लागली.

आता कोणी म्हणेल, शिकला एकदाचा. नाही. कारखान्याच्या गेटावरची झडती अपमान होता, आजही आहे, आणि आज ज्या कोणाला हात वर करायला लावतात त्याच्या बाजूनं मी उद्याही पत्रक लिहीन. अण्णांना तो दिवसाचा शेवट वाटतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. पण सही झालेला नियम पाळून झडती घेणं आणि आपल्या तत्त्वापायी म्हाताऱ्या माणसाला पाऊण तास दारात उभं करून ठेवणं, यातलं जास्त अपमानाचं काय, हे मला त्या तीन आठवड्यांत दिसायला हवं होतं.

आणि माझा राग संपलेला नाही. तो आता दुसरीकडे वळलाय, तुमच्याकडे.

सोमवार आणि शुक्रवार मी करतो. बुधवारी साडेपाचला आता माझा नवीन क्लास लागलाय, तो हलवता येत नाही. क्लासच्या मालकाला विचारून पाहिलं. म्हणून बुधवारी अण्णा केंद्रात जात नाहीत, आणि बुधवारी आई झोपत नाही. एका पुरुषाची आठवड्यातली पंधरा मिनिटं हवी आहेत. मी तीन महिने शोधतोय.

शेजारचे काका, निवृत्त, दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारण सांगतात. म्हणाले, "मला ते बघवत नाही रे." चुलतभाऊ म्हणाला, "मी नाही, पण मिसेसला पाठवतो." मी म्हणालो, पुरुष हवाय. तो म्हणाला, "अरे, ती करते छान." आमच्या अभ्यासगटातले मित्र, श्रमिकांच्या प्रतिष्ठेवर तासभर बोलणारे, त्यांची बुधवारी बैठक असते. बैठकीचा विषय मी विचारला नाही, माझा तोल गेला असता. एका मंडळाचे कार्यकर्ते मात्र लगेच आले, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. केळी वाटली. विस्मरण झालेल्या माणसांच्या हातात एकेक केळ देऊन, खांद्यावर हात ठेवून फोटो काढले, आणि पाच वाजता निघाले. दहा तगडे पुरुष! अर्धा तास थांबले असते तर त्या दिवशी त्यांच्या पुढाऱ्याचा खरंच काही उपयोग झाला असता.

आणि प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. त्या हॉलमध्ये एक आजोबा आहेत, ते बाईमाणसासमोर पायजम्याची नाडी सोडू देत नाहीत, आणि मग व्हायचं ते होतं. आणखी एकांना दाढी करून हवी असते, ती त्यांची सून थरथरत्या हातानं करते. बायका बायकांचं बघतात, आणि पुरुषांचंही बायकाच बघतात. आपण बाहेर रिक्षाजवळ उभे राहून मोबाईल बघतो आणि विचारतो, "झालं का?" मीही तसाच उभा राहायचो.

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती पुरुषांकडे आहे. तुमच्या भागात असं एखादं केंद्र असेलच, समाजमंदिरात, शाळेच्या खोलीत, कोणाच्या तरी गच्चीवर. शोधा. जाताना केळी नेऊ नका, ब्लँकेट नेऊ नका, फोटो काढू नका. तिथल्या ताईंना एवढंच विचारा, "कोणत्या दिवशी, किती वाजता माणूस कमी पडतो?" त्या जो दिवस सांगतील तो लिहून घ्या आणि त्या दिवशी जा. पुढच्या आठवड्यात परत जा. बायकोला पाठवू नका. स्वतः जा.